हेतू कुणी सिद्ध करायचा?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, ४२० चं ३१८. बार रूममध्ये अजून याच कोष्टकांवर चर्चा झडतात. गुन्ह्याचा पाया मात्र तोच आहे, अशी ग्वाही प्रत्येक व्याख्याता देतो: नुसतं कृत्य पुरेसं नाही, त्यामागे हेतू किंवा निदान जाणीव हवी आणि ती सरकार पक्षाने सिद्ध करायची. ही ग्वाही अर्धीच खरी आहे. संहितेतला पाया शाबूत आहे. तो पोखरला गेला संहितेबाहेर, विशेष कायद्यांतून, आमच्या डोळ्यांदेखत.

मेकॉलेचा मसुदा, १८६० चा कायदा, पुढचं शतक हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे. मी थांबतो ते १९६२ च्या नोव्हेंबरात, सांताक्रूझ विमानतळावर. झुरिकहून मनिलाला निघालेल्या विमानात मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी बसून होता. जाकिटाच्या कप्प्यांत ३४ किलो सोनं. त्याला मुंबईत उतरायचंही नव्हतं. असं सोनं नेण्यावरचा नवा निर्बंध राजपत्रात येऊन जेमतेम काही दिवस झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरवलं, जाणीव नसली तरी. न्या. सुब्बाराव यांनी जाणीव हवीच, असं वेगळं मत नोंदवलं. माझ्या मते तेच बरोबर होते.

पण खरी पडझड पाहिली ती १९८५ ते १९९५ या टाडाच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, दशकात. मी तेव्हा नवखा वकील होतो. पोलीस अधीक्षकासमोरचा कबुलीजबाब पुरावा ठरू लागला. आरोपी निर्दोष असावा असं न्यायाधीशाला वाजवी कारणांवरून वाटल्याखेरीज जामीन नाही. दहशतवाद्यांना मदत करणाऱ्याशी नुसता संबंध असला, तरी कायद्याच्या शब्दांनुसार तो साथ देणं ठरे. घरी कुणाला जेवू घातलं, निरोप पोचवला, एवढ्याचीही धास्ती. ‘निर्दोष असेल तर घाबरतो कशाला?’ असं तेव्हा शहाणीसुरती माणसं विचारत. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. १९९४ मध्ये कर्तारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या व्याख्येत ‘जाणीव’ वाचून घेतली. तोवर नऊ वर्षं लोटली होती, आणि त्या काळात आत गेलेल्यांची वर्षं कुणी परत केली नाहीत.

टाडा संपला, त्याची रीत उरली. शस्त्रं सापडल्यावरून गुन्हा गृहीत धरणारं त्याचं कलम २००८ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात (यूएपीए) कलम ४३-ई म्हणून परतलं. अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३५ खाली आरोपीची मनोवृत्ती न्यायालय आधीच दोषी धरतं. ती तशी नव्हती हे आरोपीने वाजवी शंकेपलीकडे दाखवायचं, म्हणजे जे ओझं सरकारचं ते त्याच्या डोक्यावर. मनी लाँडरिंगच्या कायद्यातलं, असंच ओझं आरोपीवर टाकणारं कलम २४ तर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं.

नवी संहिता लिहिताना या कलमांना हात लावला नाही. ज्या गुन्ह्याला दहा-वीस वर्षांची कैद आहे, तिथे आरोपीचं मन सरकारने सिद्ध केलंच पाहिजे. संसदेने ही गृहीतकं रद्द करावीत, आणि तोवर तरुण वकिलांनी प्रत्येक खटल्यात त्यांना आव्हान द्यावं.