पेशींस सुटलेला हुकूम

कोल्हापुराहून निपाणीकडे निघाले की तंबाखूचा मुलूख लागतो. आणि तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेल्या त्याच तंबाखूची मिश्री बोटावर घेऊन उंबऱ्याशी दात घासणाऱ्या आपल्याकडील स्त्रियांना, हे व्यसनात जमा आहे असे सांगूनही पटत नाही. वस्तुतः मुखाप्रमाणेच अन्ननलिका व स्वादुपिंड यांचा कर्करोगही धूरविरहित तंबाखूच्या खाती नोंदला गेला आहे. मद्य, स्थूलता व जठरात ठाण मांडणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू, ही पचनसंस्थेच्या कर्करोगांची आणखी काही कारणे.

पचनसंस्थेच्या आतील अस्तराची झीज भरून काढण्यासाठी शरीर वृद्धिकारक प्रथिनांकरवी पेशींस विभाजनाचा हुकूम पाठविते. अशा प्रथिनांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या पृष्ठावरील ग्राहक तो हुकूम घेतो आणि काम संपताच तो रद्द होतो; परंतु जनुकांत बिघाड झाला, की हुकूम नसताही अंमलबजावणी, एखाद्या बेबंद कचेरीतल्याप्रमाणे, चालूच राहते. जठराच्या काही कर्करोगांत ‘हर-टू’ नावाच्या ग्राहकांची बेसुमार गर्दी असते. म्हणून रोग पसरलेला असल्यास गाठीचा तुकडा तपासतात, आणि ती गर्दी आढळली तरच केमोथेरपीच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब हे त्या ग्राहकास अडविणारे औषध देतात.