जुन्या घराची वीजगळती आधी, सौर छप्पर मग

महाराष्ट्राच्या खेड्यांतून सध्या सौर छपराची चर्चा घरोघर चालू आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू केली. तीत राहत्या घराच्या छपरावर वीजनिर्मितीचा संच बसविणाऱ्यास एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. रक्कम लहान नाही. त्यामुळे घराची पाहणी राहून जाते आणि थेट मोठ्या संचाचा विचार सुरू होतो. वडिलोपार्जित, तीस-चाळीस वर्षांपूर्वी वीज घेतलेल्या घरांत मात्र हा क्रम बदलणे अगत्याचे आहे. मोट फाटकी असेल, तर विहिरीचे पाणी वाढवून पाट भरत नाही. आधी मोट शिवावी लागते.

अशा घरात वीज कोठे जाते हे पाहण्यास मोठ्या यंत्राची गरज नाही. रात्री घरातील सर्व दिवे, पंखे व उपकरणे बंद करावी, शीतकपाटाचा प्लगही काढावा. मुख्य बटण तेवढे चालू ठेवावे. मग मीटरवरील लुकलुकणाऱ्या दिव्याकडे काही मिनिटे लक्ष ठेवावे. सर्व काही बंद असूनही तो लुकलुकत राहिला, तर वीज कोठेतरी गळत आहे असे समजावे. जुन्या तारांचे वेष्टन वाळून तडकलेले असते, पावसाळ्यात भिंत ओलावते आणि ओल्या भिंतीतून वीज जमिनीत उतरते. असे आढळल्यास परवानाधारक तारतंत्र्याकडून तारजोडणी व अर्थिंग तपासून घ्यावे. येथे बिलाचा प्रश्न दुय्यम आहे. ओल्या भिंतीला हात टेकणाऱ्या लेकराच्या जिवाचा प्रश्न पहिला आहे.

त्यानंतर उपकरणांचा हिशेब. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. आता एका शेतकरी कुटुंबाच्या उन्हाळ्यातील महिन्याचा हिशेब उदाहरणादाखल मांडू या. घरात ७५ वॅटचे दोन जुने पंखे रोज बारा तास चालतात. त्यांचे ५४ युनिट होतात. चोकसह ५५ वॅट ओढणाऱ्या दोन जुन्या ट्यूब रोज सहा तास जळतात. त्यांचे सुमारे २० युनिट. गोठ्यात व अंगणात ६० वॅटचे दोन पिवळे बल्ब पाच-पाच तास. त्यांचे १८ युनिट. जुन्या शीतकपाटाचे ४५ आणि दूरचित्रवाणीचे ७ युनिट धरले, तर महिन्याचे १४४ युनिट भरतात.

याच घरात पंखे तीस वॅटचे, ट्यूब वीस वॅटच्या एलईडी आणि बल्ब नऊ वॅटचे बसविले, तर त्यांचा खर्च अनुक्रमे सुमारे २२, ७ व ३ युनिट होतो. शीतकपाट व दूरचित्रवाणी तीच ठेवूनही एकूण वापर ८४ युनिटांवर येतो. प्रकाश तोच आणि वाराही तोच, पण ६० युनिट वाचले. यात सर्वांत मोठा वाटा पंख्यांचा आहे, आणि नेमक्या याच वस्तूकडे कोणाचे लक्ष जात नाही. बल्ब बदलण्याची सवय आता लोकांना झाली आहे. पंखा मात्र फिरतो आहे तोवर चांगला, अशी समजूत आहे. बी.एल.डी.सी. मोटरचे पंखे साध्या पंख्याहून महाग मिळतात हे खरे. पण जो पंखा रोज बारा तास चालतो, तो आधी बदलावा आणि पाहुण्यांच्या खोलीतील पंखा शेवटी. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाची चिठ्ठी सक्तीची झाली आहे. ती पाहूनच खरेदी करावी.

बिलावर याचा परिणाम युनिटांच्या प्रमाणाहूनही अधिक होतो. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असून त्यापुढील ३०० पर्यंतच्या युनिटांचा दर दुपटीहून अधिक असतो. २०२४-२५ या वर्षी हे दर प्रतियुनिट ४ रुपये ७१ पैसे व १० रुपये २९ पैसे होते. वहन आकार वेगळा. म्हणजे वरील कुटुंबाने वाचविलेल्या ६० युनिटांपैकी ४४ युनिट महाग टप्प्यातील होते. त्या दराने महिन्याची बचत ५२८ रुपयांच्या घरात जाते.

घराचा उष्मा कमी झाला तर पंख्याचे तासही घटतात. धाब्याच्या घराच्या पांढऱ्या मातीच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा धरतात. त्या पाडून पत्र्याची खोली उभारणे म्हणजे गारवा देऊन उष्मा विकत घेणे होय. पत्रा किंवा सिमेंटचा स्लॅब असेल, तर फाल्गुनातच त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावे व दरवर्षी ते नवे करावे. पत्र्यावर उसाचे पाचट पसरण्याची रीत काही ठिकाणी आहे. तिने थंडावा मिळतो, पण वीजतारा पाचटातून गेल्या असतील तर आगीचे भय असते.

इतके झाले म्हणजे सौर संचाचा विचार करावा. एक किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो. १४४ युनिट वापरणाऱ्या घराला तो अपुरा पडला असता व दोन किलोवॅटचा संच घ्यावा लागला असता. ८४ युनिटांच्या घराला एक किलोवॅट पुरून उरतो. शिवाय अनुदान ठरविताना पहिल्या दोन किलोवॅटची किंमत प्रत्येकी ५०,००० रुपये धरून ६० टक्के मदत दिली आहे, तर तिसऱ्या किलोवॅटवर ४० टक्केच. ही रक्कम संच चालू झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. म्हणून आरंभी पूर्ण रकमेची किंवा कर्जाची तजवीज ठेवावी.

एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. धाबे किंवा कौलारू छप्पर असल्यास वासे व तुळया जाणकार गवंड्याकडून पाहून घ्याव्या; वाळवी लागलेल्या तुळईवर लोखंडी सांगाडा चढवू नये. बॅटरी नसलेला संच वीजवाहिनी बंद पडताच आपोआप बंद होतो, हेही लोकांना आधीच सांगावे. वाहिनीवर काम करणाऱ्या तारतंत्र्याच्या सुरक्षिततेसाठी ती योजना असते, परंतु ठाऊक नसल्यास संच बिघडला असे वाटते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष घालावे असे काम कागदपत्रांचे आहे. जुन्या घराची वीजजोडणी बहुधा दिवंगत आजोबांच्या किंवा चुलत्यांच्या नावावर असते. अर्जदाराचे नाव व वीजबिलावरील नाव जुळले नाही, तर अर्ज अडतो. भाऊबंदांची संमती व वारसाची कागदपत्रे जमविण्यास महिने लागतात; तेव्हा नावबदलाचा अर्ज महावितरणकडे प्रथम द्यावा. शेतीपंपाच्या जोडणीवर ही योजना लागू नाही, ती केवळ घरगुती जोडणीसाठी आहे. संच बसविणारा योजनेच्या अधिकृत यादीतील आहे याची खात्री झाल्याखेरीज कोणासही आगाऊ रक्कम देऊ नये. योजनेचा कालावधी २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतचा ठरविला आहे. ज्या घरांत नावाचा घोळ आहे, त्यांची यादी ग्रामसभेपूर्वीच करून ठेवल्यास पुढील धावपळ वाचेल.