फुटबॉलपटूचें ताट

गेल्या दिवाळींत माझ्या बहिणीच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. तिचा सोळा वर्षांचा मुलगा शाळेच्या फुटबॉलसंघांत खेळतो. सकाळचा सराव आटोपून तो घामाघूम होऊन घरीं आला, तेव्हां आईनें त्याच्यापुढें फराळाचें ताट ठेवलें. त्यानें तें हळूच बाजूला सारलें व म्हणाला, "आई, मला हें नको. मोठे खेळाडू असलें कांहीं खात नाहींत." आणि वाटीभर ओट्सची पातळ पेज पिऊन तो उठला. तीन दिवस तांदूळ भिजवून, खपून केलेले अनारसे तसेच राहिले. बहिणीला वाईट वाटलें तें अनारशांपुरतेंच नव्हे. गेले दोन महिने मुलगा वाळत चालला होता, आणि सामन्याच्या उत्तरार्धांत त्याचे पाय जड होतात, अशी त्याच्या शिक्षकांचीच तक्रार होती.

मोठे खेळाडू खरोखर काय खातात, आणि एखादें चैनीचें जेवण त्यांना कितपत बाधतें, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनांत घोळत राहिला. त्याचा जो शोध घेतला तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहें.

शास्त्रापूर्वींचा काळ

पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास इंग्लंडमध्यें १८८५ सालीं रीतसर मान्यता मिळाली. त्यानंतर कित्येक दशकें तेथील धंदेवाईक खेळाडूंच्या आहाराचें सूत्र साधें होतें : मांसानें बळ येतें, तेव्हां बळाच्या कामापूर्वीं मांस खावें. सामन्याच्या दिवशीं स्टेक, म्हणजे भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा, खाऊन गडी मैदानावर उतरत, आणि सामना संपला म्हणजे बिअरचे पेले रिचवीत. तो तुकडा पचण्यास कित्येक तास लागतात. त्यामुळें खेळाच्या वेळीं त्याचा आधार होण्याऐवजीं ओझेंच होई.

या काळांतहि एक खेळाडू निराळ्या वाटेनें गेला. स्टॅन्ली मॅथ्यूज हा हॅनली गांवच्या एका नाभिकाचा मुलगा. वडील मुष्टियोद्धेहि होते. स्टॅन्लीनें दारू वर्ज्य केली, मांसाहार सोडला, फळें व भाज्या यांवर भर दिला, आणि दर सोमवारीं तो उपवास करी. हें वाचून आपल्याकडील आजीबाईंना कौतुक वाटेल; परंतु त्याचा सोमवार शंकराचा नव्हता, शरीराच्या शिस्तीचा होता. ६ फेब्रुवारी १९६५ रोजीं तो इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींतील शेवटचा सामना खेळला, तेव्हां त्याला पन्नास वर्षें पुरीं होऊन पांच दिवस झाले होते. अशा एका असामान्य देहावरून सर्वांसाठीं नियम काढतां येत नाहीं, हें खरें. तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे : सामने बहुधा शनिवारीं असत आणि त्याचा उपवास सोमवारीं असे. लंघन त्यानें खेळापासून दूर ठेवलें होतें.

स्नायूंतील कोठार

फुटबॉलच्या नव्वद मिनिटांत चांगला खेळाडू दहा ते बारा किलोमीटर अंतर तोडतो. तें एका चालीनें नव्हे; कधीं चालणें, कधीं धांवणें, मध्येंच जीव खाऊन झेप घेणें आणि पुन्हां थांबणें. अशा कामास लागणारें मुख्य इंधन म्हणजे स्नायूंत व यकृतांत सांठविलेली शर्करा, जिला ग्लायकोजेन म्हणतात. हें कोठार फार मोठें नसतें. सारें मिळून साधारण अर्धा किलो. तें भरतें तांदूळ, गहूं, बटाटा, फळें यांसारख्या पिष्टमय व गोड पदार्थांनीं. मांसानें तें फारसें भरत नाहीं.

ही गोष्ट प्रत्यक्ष पाहतां आली ती १९६० नंतरच्या दशकांत. स्वीडनमध्यें बेरिस्ट्रम, हुल्टमन, साल्टिन आदि संशोधकांनीं सुईच्या साह्यानें स्नायूचा कण काढून त्यांतील शर्करा मोजण्यास सुरुवात केली, आणि पिष्टमय आहार वाढविला असतां कोठार भरतें व माणूस अधिक वेळ टिकतो, असें १९६७ सालीं दाखविलें. पुढें १९७३ सालीं साल्टिन यांनीं फुटबॉलच्या खेळाडूंविषयीं जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो प्रत्येक खेळाडूच्या आईनें वाचावा असा आहे. अर्धवट रिकाम्या कोठारानें मैदानावर उतरलेले गडी आपल्या अंतरापैकीं जवळजवळ निम्में अंतर नुसतें चालत होते. भरलेल्या कोठारानें उतरलेल्यांचें चालणें सुमारें पाव हिश्श्यापुरतें होतें. ज्याला प्रेक्षक आळस म्हणतात, तो पुष्कळदां पोटाचा प्रश्न असतो. माझ्या भाच्याचे जड पाय मला येथें आठवले.

वारावार बदलणारें ताट

युरोपांतील फुटबॉलसंघटनेनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेलें निवेदन आज बहुतेक मोठ्या संघांना मार्गदर्शक आहे. सामन्याचा आदला दिवस, सामन्याचा दिवस व त्यानंतरचा दिवस, या तिन्ही दिवशीं देहाच्या दर किलो वजनामागें सहा ते आठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ घ्यावेत, असें तें सांगतें. सत्तर किलो वजनाच्या गड्याला हे ४२० ते ५६० ग्रॅम होतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर अर्धा किलोहून अधिक कोरडे तांदूळ, म्हणजे चौकोनी कुटुंबाचा जवळजवळ दोन्ही वेळचा भात! अर्थात् तो एवढा भातच खात नाहीं. पास्ता, पाव, बटाटे, केळीं, मध, फळांचे रस यांत तें सारें वांटलेलें असतें. प्रथिनांचें प्रमाण दर किलोमागें १.६ ते २.२ ग्रॅम, तीं मासे, कोंबडी, अंडीं, दहीं, दूध व कडधान्यें यांतून येतात.

सामन्यापूर्वींचें जेवण तीन-चार तास आधीं होतें. तें मुद्दामच साधें असतें. तूप-तेल कमी, चोथा कमी. कारण स्निग्ध पदार्थ पोटांत रेंगाळतात. उलट हलक्या सरावाच्या दिवशीं भात-पोळीचा वांटा कमी होतो व भाज्यांचा वाढतो. म्हणजे मोठ्या खेळाडूचें ताट एकच एक ठरलेलें नसतें. कामाप्रमाणें तें वारावार बदलतें. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणींतील कांहीं खेळाडूंचा रोजचा ऊर्जाव्यय मोजला गेला, तेव्हां तो सरासरी सुमारें ३५०० किलोकॅलरी भरला. त्याचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. वाटीभर पेजेवर एवढा संसार चालत नाहीं.

शाकाहारी घरांतील पालकांना यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. ग्लॉस्टरशायरमधील फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स या संघानें २०१५ पासून आपल्या स्वयंपाकघरांतून मांस, मासे, अंडीं व दूधहि हद्दपार केलें. तो संघ २०१७ सालीं वरच्या श्रेणींत चढला, २०२२ सालीं त्या श्रेणींत पहिला आला, आणि पुढें खालींहि घसरला. चढण्याचें श्रेय किंवा घसरण्याचा दोष वाटाण्याला देतां येत नाहीं, एवढें मात्र यावरून नक्की म्हणतां येईल.

बंदी आणि मेजवानी

आतां चैनीच्या जेवणाकडे वळूं. आर्सेन वेंगर हे जपानांतील नागोयाचा संघ सोडून १९९६ सालीं लंडनच्या आर्सेनल संघाचे व्यवस्थापक झाले. जपानी लोकांचा भात, मासे व उकडलेल्या भाज्या यांचा साधा आहार त्यांना पटलेला होता. त्यांनीं आर्सेनलच्या स्वयंपाकघरांत तशाच सुधारणा केल्या, घांस नीट चावून खाण्यास शिकविलें, आणि खेळाडूंचे आवडते मार्स चॉकलेट बंद केले. पहिल्याच सामन्याला जातांना गाडीच्या मागच्या बाजूनें "आमचे मार्स आम्हांला द्या" असा सुरांत घोष सुरू झाला, ही आठवण वेंगर यांनींच पुढें सांगितली आहे. त्या संघानें १९९८ सालीं लीग व एफ. ए. कप हीं दोन्हीं पारितोषिकें जिंकलीं. बंदी टिकली, कारण तिच्याबरोबर दुसरें चांगलें जेवण आलें आणि त्याचा गुण खेळाडूंना अंगीं जाणवला.

परंतु नुसत्या बंदीनें कार्यभाग होत नाहीं. २०१३ सालीं संडरलंडचे व्यवस्थापक पावलो डी कानिओ यांनीं टोमॅटोचें केचप, मेयोनेज, कॉफी अशा पदार्थांवर बंदी पुकारली. त्या मोसमाचे पांच लीग-सामने होतात न होतात तोंच संघानें त्यांना निरोप दिला. कारण केवळ आहाराचें नव्हतें. हार आणि खेळाडूंशीं आलेला दुरावा हींहि होतींच. तरी रोजच्या पानांतील चटणी काढून घेतल्यानें माणसें जवळ येत नाहींत, हें कोणीहि गृहिणी सांगूं शकेल.

याच्या उलट चित्र २०१५ सालच्या लेस्टर सिटी संघाचें. मोसमाच्या पहिल्या नऊ लीग-सामन्यांत या संघावर सतरा गोल झाले होते. एकहि सामना असा गेला नव्हता कीं ज्यांत प्रतिपक्षाला गोल करतां आला नाहीं. व्यवस्थापक क्लाउदिओ रानिएरी हे इटालियन. "एकहि गोल होऊं दिला नाहींत तर पिझ्झा खाऊं घालीन," असें वचन त्यांनीं दिलें. दहाव्या सामन्यांत क्रिस्टल पॅलेसवर १-० असा विजय मिळाला, आणि वचनाप्रमाणें सारा संघ पिझ्झाच्या दुकानांत गेला. मात्र तेथें रानिएरींनीं गड्यांना स्वतःच पिझ्झा करावयास लावला. पीठ थापावें, वर टोमॅटो व चीज पसरावें, आणि मग खावें! उरलेल्या एकोणतीस सामन्यांत लेस्टरवर एकोणीसच गोल झाले, आणि ज्याच्या विजयावर पैजा घेणारे एकास पांच हजार असा भाव देत होते, तो संघ इंग्लंडचा विजेता झाला.

पिझ्झ्यानें अजिंक्यपद मिळालें असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्या जेवणांत कांहींतरी होतें खास. तें कमावलेलें होतें, सर्वांचें मिळून होतें आणि उजळ माथ्यानें होतें. शरीराच्या दृष्टीनेंहि पाहावें : सामन्यानंतर रिकामें झालेलें कोठार पुन्हां पुरें भरण्यास दोन-तीन दिवस लागतात. दमलेल्या माणसाला त्या वेळीं भूक नसते. कोरडी कोंबडी व थंड भात त्याच्या घशाखालीं उतरत नाहीं. म्हणूनच अनेक संघ सामना संपतांच कपडे बदलण्याच्या खोलींत पिझ्झ्यासारखा पदार्थ ठेवतात. शेवटीं तीहि पिठाची भाकरीच. जो पदार्थ सामन्यापूर्वीं घातक, तोच सामन्यानंतर उपयोगी ठरतो.

दिवसाला चार वेळां खाणें धरलें तर आठवड्याला अठ्ठावीस वेळां होतें. त्यांपैकीं एक वेळ चैनीची झाली म्हणून सत्तावीस वेळांचें काम पुसलें जात नाहीं. आणि सत्तावीस वेळां हयगय केली तर एका दिवसाच्या पथ्यानें ती भरूनहि निघत नाहीं. लिओनेल मेस्सी यानें २०१८ सालीं सांगितलें कीं, तरुणपणीं आपण चॉकलेटें, गोड बिस्किटें, शीतपेयें असें वाटेल तें खात असूं, आणि पुढें आहार सुधारला. त्याच मेस्सीनें वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, २०२२ सालीं, विश्वचषक उचलला. त्याला सुधारावें लागलें तें रोजचें खाणें, सणाचें नव्हे.

उपाशीपणाचा धोका

इंग्रजींत अशा जेवणाला हल्लीं 'चीट मील' म्हणतात. चोरटें जेवण! हा शब्दच मला घातक वाटतो. जें चोरून खाल्लें त्याची टोंचणी लागते. टोंचणी लागली कीं दुसऱ्या दिवशीं लंघन. लंघनानंतर पुन्हां अधाशीपणा. या फेऱ्यांत सांपडतात ते बहुधा मोठे खेळाडू नव्हेत, कारण त्यांच्या पाठीशीं आहारतज्ज्ञ व आचारी असतात. सांपडतात तीं वाढत्या वयाचीं मुलें-मुली, ज्यांना दूरध्वनीच्या पडद्यावर खेळाडूचें एक ताट दिसतें, पण त्याचीं उरलेलीं सत्तावीस दिसत नाहींत.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं या धोक्याला स्वतंत्र नांव दिलें. व्यायामाच्या मानानें अन्न कमी पडत राहिलें तर शरीर एकेक खातें बंद करूं लागतें : वारंवार आजारपण येतें, थकवा जात नाहीं, हाडांना बारीक चिरा पडतात, मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. हाडें भरण्याचें जें वय, त्याच वयांत ही तूट पडली तर ती पुढें पुरी भरून निघेलच असें नाहीं. ज्या घरांत मुलगी फुटबॉल खेळते तेथील आयांनीं पाळी चुकणें ही 'खेळामुळें होणारच' अशी गोष्ट समजूं नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा.

माझ्या भाच्याला हें सारें मीं समजावून सांगितलें, तेव्हां त्यानें प्रथम विश्वास ठेवला नाहीं. पण त्याच्या शिक्षकांनींहि तेंच सांगितलें, आणि मग बहिणीनें सामन्याच्या आदल्या दिवशीं त्याचा भात मापून नव्हे, तर मागेल तितका वाढावयास सुरुवात केली. सामन्याच्या सकाळीं तळलेलें कांहीं नाहीं, हा नियम त्यानें आपणहून घातला. तो आईनें मानला. राहिले अनारसे. ते तांदूळ, गूळ व तूप यांचे असतात, वर्षांतून एकदां होतात, आणि सर्वांनीं एकत्र बसून खावयाचे असतात. चांगल्या खेळाडूच्या ताटांत त्यांना जागा आहे; फक्त ती सामन्यापूर्वींची नव्हे, नंतरची आहे.