लँडलाइनला वायरलेस हेडसेट लावता येतो का? जंगलपट्ट्यात तो घेण्याआधी ‘वीज’ समजून घ्या

शहरात लँडलाइन ही आता अडगळीतली वस्तू झाली आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र चित्र थोडं वेगळं आहे. मोबाईलची रेंज मिळवायला घराबाहेर पडून उंचवटा शोधावा लागतो, अशी गावं इथे आजही आहेत. नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ टॉवर टूजीवरून फोरजीवर नेण्याच्या प्रस्तावाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तीच मुळी एप्रिल २०२२ मध्ये. त्यामुळे ज्या घरात किंवा दुकानात जुना लँडलाइन नंबर चालू आहे, तिथे तो सहजासहजी कुणी बंद करत नाही.

अडचण एवढीच की हा फोन एका जागी बांधलेला असतो. चुलीवर भाजी असताना, दुकानात माल मोजताना किंवा गुडघे दुखणाऱ्या आजीला पलंगावरून उठता येत नसताना रिसीव्हर हातात धरून बसणं कठीण जातं. मोबाईलसारखा कानात हेडसेट लावून लँडलाइनवर बोलता येतं का? येतं. पण त्याचं गणित मोबाईलपेक्षा वेगळं आहे.

मोबाईलचा हेडसेट थेट का जोडता येत नाही?

मोबाईलमध्ये ब्लूटूथ आधीपासूनच असतं. साध्या लँडलाइन फोनमध्ये ते नसतं. शिवाय लँडलाइनवर कॉल घेणं म्हणजे रिसीव्हर उचलणं. रिसीव्हर उचलला की त्याखालचं बटण वर येतं, लाइनमधून प्रवाह वाहू लागतो आणि कॉल उचलल्याचं एक्स्चेंजला कळतं. नुसता आवाज कानापर्यंत आणून भागत नाही, हे ‘उचलण्याचं’ कामही कुणीतरी करावं लागतं.

मग पर्याय कोणते?

१. बेस असलेला वायरलेस हेडसेट: कॉल सेंटरमध्ये दिसतो तो हाच प्रकार. रिसीव्हरची गुंडाळीची वायर फोनमध्ये जिथे जाते, तिथे या हेडसेटचा बेस जोडतात. रिसीव्हर उचलण्यासाठी वेगळं लिव्हर घ्यावं लागतं. ते नसेल तर प्रत्येक कॉलला फोनपाशी जाऊन रिसीव्हर बाजूला ठेवावा लागतो. प्रत्येक फोनची जुळणी वेगळी असल्यानं बेसवर एक छोटा स्विच असतो. आवाज बारीक येत असेल किंवा समोरच्याला ऐकूच जात नसेल, तर आधी तो स्विच बदलून पाहावा.

२. कॉर्डलेस फोन: घरासाठी हा सर्वांत सोपा मार्ग. याचा बेस थेट भिंतीवरच्या लाइनला जोडला जातो आणि कॉल उचलण्याचं बटण हातातल्या फोनवरच असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये स्पीकर असतो, काहींमध्ये हेडसेटची पिनही असते. फोन कमरेला अडकवला की दोन्ही हात मोकळे.

३. ब्लूटूथ जोडणारा डबा: लाइन आणि ब्लूटूथ हेडसेट यांच्यामध्ये बसणारी उपकरणं मिळतात. मात्र घेताना नीट विचारून घ्यावं. यातली अनेक उपकरणं उलटं काम करतात, म्हणजे मोबाईलचा कॉल लँडलाइनच्या फोनवर आणतात.

४. फायबर असेल तर ॲप: काही कंपन्या फायबरवरचा लँडलाइन नंबर ॲपद्वारे मोबाईलवर देतात. जिओचं जिओजॉइन हे त्याचं उदाहरण. नंबर मोबाईलवर आला की नेहमीचा ब्लूटूथ हेडसेट चालतो.

रेंज किती मिळते?

सर्वसाधारण ब्लूटूथ हेडसेटला सुमारे १० मीटर धरावेत. कॉर्डलेसची रेंज मोकळ्या जागेत याहून बरीच जास्त असते, पण घरात जाड भिंती आल्या की ती घटते. टिनाचे पत्रे रेडिओलहरी अडवतात. त्यामुळे बेस पत्र्याच्या आडोशाला किंवा लोखंडी कपाटामागे न ठेवता घराच्या मधोमध, जरा उंचावर ठेवलेला बरा.

वीज गेली तर?

खरी मेख इथे आहे. तांब्याच्या तारेवरचा साधा फोन घरातल्या विजेवर चालत नाही. त्याला एक्स्चेंजमधून तारेवरूनच सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो आणि एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्या असतात. त्यामुळे घरात अंधार झाला तरी फोन वाजतो.

वायरलेस बेसचं तसं नाही. त्याला घरातली वीज लागते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट असली, तरी जंगलातून जाणाऱ्या तारेवर झाड पडलं की त्याचा गावाला उपयोग नसतो. बेस बंद झाला की हेडसेटची बॅटरी भरलेली असूनही कॉल लागत नाही. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो तेव्हा, किंवा रात्री १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची असते तेव्हा हा फरक महागात पडू शकतो.

आणि वीज कडाडत असेल तर?

इथे हिशोब उलटा होतो. वीज कडाडत असताना वायरचा फोन कानाला लावू नये, असं सुरक्षेचे नियम सांगतात. खांबांवरून येणाऱ्या तारेतून विजेचा झटका बोलणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. कॉर्डलेस किंवा वायरलेस हेडसेटवर बोलणाऱ्याच्या शरीराला वायर जोडलेली नसते, म्हणून तो तुलनेनं सुरक्षित असतो. बेस मात्र जळू शकतो.

म्हणजे वीज गेली तर वायरचा फोन हवा आणि वीज कडाडली तर बिनवायरचा. वादळात या दोन्ही गोष्टी एकदमच होतात.

मग करायचं काय?

- बेसला छोटा यूपीएस लावा. वाय-फाय राउटरसाठी मिळतो तसाच चालतो, पण बेसच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट, अँपिअर आणि पिन जुळते का ते आधी पाहा. अनेक राउटर यूपीएस १२ व्होल्टचे असतात, तर कॉर्डलेसला बहुधा त्यापेक्षा कमी व्होल्ट लागतात.
- जुना वायरचा फोन फेकू नका. त्याच लाइनवर पॅरलल जोडून ठेवा. वादळ ओसरल्यावर वीज आलेली नसली तरी तो कामाला येतो.
- लाइन घरात शिरते तिथे अर्थिंग असलेला सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या.
- विजा चमकताना आधी कळावं म्हणून पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे. त्याला इंटरनेट लागतं, हे लक्षात ठेवा.

फायबर आलं तर हे सगळं संपेल का?

पूर्ण नाही. बीएसएनएल तांब्याच्या जोडण्या हळूहळू फायबरवर नेत आहे. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे तारेतून झटका येण्याची भीती कमी होते. पण एक्स्चेंजमधून मिळणारा वीजपुरवठाही त्याच कारणानं संपतो. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो आणि तो बंद पडला की वायरचा साधा फोनही मुका होतो. म्हणून फायबर घेणाऱ्या घरात हेडसेटआधी यूपीएसचा खर्च धरायला हवा. फायबरच्या डब्याला आणि कॉर्डलेसच्या बेसला, दोघांनाही.