बंद कोडच्या गेममध्ये आपला अभंग

एखाद्या लहान स्टुडिओने संगीताचा गेम काढला आणि त्याचा सोर्स कोड खुला ठेवला नाही, तर त्यात बाहेरच्यांना काहीच भर घालता येत नाही, हा समज पक्का रुजला आहे. जुन्या जालन्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला अशा गेममध्ये भजनी ठेक्यावरचा अभंग आणावासा वाटला, तरी या समजापायी तो हातच घालत नाही. वस्तुस्थिती अशी, की या गेममध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात: गेम चालवणारा प्रोग्रॅम, आणि गाण्याची फाइल व तिच्या कोणत्या क्षणी पडद्यावर कोणती खूण यावी याची नोंद. खेळाडूंना बहुधा दुसरीच हवी असते. जालन्यासारख्या बियाण्यांच्या शहरात हा फरक लगेच कळावा: संकरित वाणाच्या नर-मादीचे गुपित कंपनीकडे राहते, तरी लागवडीचे अंतर आणि पाण्याची पाळी शेतकरीच ठरवतो. डीन हर्बर्ट यांनी २००७ मध्ये आणलेल्या ‘ओसू!’ या संगीताच्या गेमची जुनी आवृत्ती बंद कोडचीच होती, पण खुणांची नोंद ठेवणारी तिची बीटमॅप फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडते. तिथे खरी परीक्षा कानाची असते. भजनात लय चढत जाते. सबंध अभंगाला एकच बीपीएम (मिनिटाला ठोके) दिला तर काही आवर्तनांतच खुणा आणि पखवाज यांची फारकत होते. त्या फाइलीत वेगबदल हवा तितक्या ठिकाणी नोंदवता येतो, आणि प्रत्येक ठिकाणची सम ऐकूनच पकडावी लागते.

यावर कुणी म्हणेल, की गेमने बाहेरची गाणी घेण्याची सोयच ठेवली नसेल तर? प्रागच्या बीट गेम्सने मे २०१८ मध्ये ‘बीट सेबर’ आणला, तेव्हा हीच स्थिती होती. अधिकृत एडिटर २०१९ मध्ये आला. खेळाडूंनी त्याआधीच आपली गाणी त्यात चालवली होती. हे जमले कारण गेम युनिटी या गेम-इंजिनवर बांधलेला आहे. युनिटीतला सी-शार्प कोड अनेकदा मधल्या रूपात राहतो, त्यात फंक्शनांची नावे शाबूत असतात आणि ‘हार्मनी’सारख्या लायब्ररीने गेम चालू असतानाच त्यांत आपला कोड जोडता येतो. स्टुडिओने हे मधले रूप सी-प्लस-प्लसमध्ये बदलणारी आयएल-टू-सीपीपी ही पद्धत वापरली, तर मात्र हे काम बरेच अवघड होते आणि ते करू शकणारे हातही कमी उरतात. शिवाय असा बाहेरून जोडलेला कोड, म्हणजे मॉड, प्रत्येक अपडेटला मोडू शकतो. दोघातिघांच्या गटातला एकमेव प्रोग्रॅमर सोडून गेला की मॉड बंद पडते, गाण्यांच्या फाइली मात्र टिकतात. म्हणून लहान गटाने आपली शक्ती आधी फाइलींवर खर्चावी, असे माझे ठाम मत आहे. स्टुडिओनेही फाइलीची रचना जाहीर करावी आणि जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवावी. कोड खुला करण्यापेक्षा हे फार स्वस्तात होते.

कोडमध्ये डोकावणे म्हणजे चोरी, हा समजही सरसकट खरा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, प्रोग्रॅम रीतसर बाळगणाऱ्याला, स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवण्यासाठी लागणारी आणि सहज न मिळणारी माहिती काढून घेता येते. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे मात्र कलम ६५ अ खाली गुन्हा आहे, आणि गेमच्या परवान्यातल्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात. जास्त धोका गाण्यात आहे. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, आणि चालीवरचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे. प्रसिद्ध गायकाची कॅसेट गेममध्ये घालून वाटणे म्हणूनच बेकायदा ठरू शकते. पारंपरिक चालीतला अभंग गावातल्या भजनी मंडळाकडून, गायक-वादकांची लेखी संमती घेऊन, नव्याने ध्वनिमुद्रित केला तर ही अडचण उरत नाही. आणि पखवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतला तर सम शोधण्याचे कामही सोपे होते.