मावशी, नाच्या आणि ड्रॅग

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

निफाड म्हटले की लोकांना द्राक्षे आठवतात, कांदा आठवतो, फार तर कडाक्याची थंडी. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म इथला, हे मुद्दाम सांगावे लागते. नाटक-तमाशाचे नाव कोणी घेत नाही. पण तालुक्यातल्या यात्रांचे दिवस आले की तमाशाचे फड उतरतात, आणि ज्या गावाला मोठा फड परवडत नाही तिथे गावातलीच मुले काहीतरी बसवतात. अशाच एका यात्रेत गेल्या वर्षी कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने नऊवारी नेसून, पायात चाळ बांधून लावणी केली. मी समोर बसलो होतो. नाच चांगला झाला. शिट्ट्या पडल्या, नोटा ओवाळल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लोकांनी पारावर बसून त्या मुलाबद्दल जे बोलायचे ते बोलून घेतले.

आठवड्याभराने त्याची आई आमच्याकडे आली. चहा झाला, इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग तिने विचारले, “गुरुजी, तुम्हीबी पूर्वी गणपतीच्या नाटकात बाईचं काम करायचे म्हणतात. मग मला खरं सांगा, आमचा पोरगा करतो त्याला कला म्हणायची का? तो म्हणतो, ह्याला ड्रॅग म्हणतात, परदेशात लोक तिकीट काढून बघतात. लोक तर वेगळंच म्हणतात.”

मी म्हटले, “ताई, कलाच आहे.” पण नुसते तेवढे म्हणून ती उठणार नव्हती, आणि मलाही ते नीट सांगता येईना. तेव्हा सुचले नाही ते आज सांगतो आहे.

आपल्याकडे ह्या गोष्टीची सुरुवात नाटकाबरोबरच झाली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा सीता पुरुषच होता. पुढे सुमारे नव्वद वर्षे मराठी रंगभूमीवरच्या बहुतेक सगळ्या नायिका पुरुषांनी उभ्या केल्या. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला आणि सुभद्रा, केशवराव भोसल्यांची शारदा, मास्टर दीनानाथांची लतिका ही नावे जुन्या माणसांच्या तोंडी असत. ‘संत तुकाराम’ या १९३६ च्या बोलपटातले विष्णुपंत पागनीस आपण तुकाराम म्हणून ओळखतो. ते आधी नाटकांतून स्त्रीभूमिका करीत होते. सिनेमाही ह्याच वाटेने आला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा मुंबईतल्या एका उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही कामे केली. एकच माणूस हरण करवून घेतो आणि तोच शोधायला निघतो! प्रेक्षकांना त्यात काही खटकले नाही.

खटकले नाही, याचा अर्थ प्रेक्षक फसले असा नव्हे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याची कळ इथेच आहे. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. आवाज अतिशय गोड आहे, पण तो पुरुषाचाच आवाज आहे. त्यांनी बायकी आवाज काढून गाणे म्हटले नाही. थिएटरात बसलेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होते की समोर नारायण श्रीपाद राजहंस उभे आहेत. आणि तरी त्यांना भामिनी दिसत होती, रुक्मिणी दिसत होती, ‘एकच प्याला’तली फाटक्या लुगड्यातली सिंधू दिसत होती. बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येतो आणि आपल्याला घटकाभर खरोखर घाबरवतो. त्याचा सगळा खेळ आपण फसण्यावर आहे. स्त्रीवेशातल्या नटाचा खेळ आपण न फसण्यावर आहे. आपल्याला दोन माणसे एकदम दिसली पाहिजेत, वेश घेणारा आणि वेशातली. त्यातला एक जरी दिसेनासा झाला तरी मजा गेली.

दुसरी गोष्ट निवडीची. खरी बाई दिवसभरात शंभर प्रकारांनी चालते, बसते, वैतागते, डोक्यावरून पाण्याचा हंडा आणते. स्त्रीपार्टी नट त्यातल्या चार गोष्टी उचलतो आणि त्या ठळक करतो. मी १९६९ साली गणेशोत्सवातल्या एका नाटकात बहिणीचे काम केले, तेव्हा आम्हाला बसवणाऱ्या गृहस्थांनी पंधरा दिवस मला एक वाक्य बोलू दिले नव्हते. ते म्हणत, आधी कोपरे अंगाजवळ आण. पुरुषाचे कोपर अंगापासून सुटते, तिथे तो ओळखू येतो. मग पाऊल लहान, मग बसताना आधी पदर आणि नंतर माणूस. गंगावन डोक्यावर चढवल्यावर मान आपोआप ताठ होते, हे मला तेव्हा कळले. एवढे करूनही मी बाई दिसलो असेन असे वाटत नाही. पण माझ्या सख्ख्या मावशीने नंतर विचारले, “माझा हात झाडायचा नाद तू कधी उचललास रे?” मी तो उचलला होता हे मलाच माहीत नव्हते.

म्हणजे ही नक्कल बाईची नसते. बाईपण म्हणून समाजाने जे काही ठरवून ठेवले आहे, त्याची असते. बालगंधर्वांच्या बाबतीत तर हे उलटे फिरले. त्यांचे शालू, त्यांची नथ, केसांतली फुले पाहून घरंदाज बायका तसे नेसू-माळू लागल्या. पुरुषाने रचलेले बाईपण बायकांनी उचलले. मग ह्यात मूळ कोणते आणि नक्कल कोणती? पश्चिमेकडच्या विद्यापीठांतून ड्रॅगवर पुष्कळ लिहिले जाते, त्यातला एक मोठा मुद्दा हाच आहे. आमच्याकडे तो शंभर वर्षांपूर्वी नथीच्या आकड्यात अडकला होता.

इतके झाल्यावर आपण सहज म्हणतो, की ड्रॅग म्हणजे काय, बालगंधर्वच की! वर्तमानपत्रांतही अधूनमधून असे छापून येते. मला ते पटत नाही. बालगंधर्व नट होते. देवलांनी, खाडिलकरांनी, गडकऱ्यांनी लिहून दिलेली नायिका ते उभी करीत. ती नायिका प्रेक्षकांशी गप्पा मारीत नसे, स्वतःच्या लुगड्यावर विनोद करीत नसे. शिवाय त्या काळी बाईने रंगभूमीवर येणे समाजाला मान्य नव्हते म्हणून पुरुषाला यावे लागले. जपानच्या काबुकीतही असेच घडले. तिथे १६२९ मध्ये बायकांना रंगमंचावर बंदी झाली आणि पुरुष स्त्रीभूमिका करू लागले. शेक्सपिअरच्या नायिका मुलगे करीत, तेही ह्याच कारणाने. ही गरजेतून आलेली कला. गरज संपली की ती ओसरते. आपल्याकडे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आले, त्यात स्त्रियांनी स्त्रियांची कामे केली, आणि पुढच्या काही वर्षांत स्त्रीपार्टी नटांचे दिवस सरले.

आज ज्याला ड्रॅग म्हणतात तिथे अशी गरज नाही. बायका उपलब्ध असताना पुरुष हौसेने, ठरवून, स्त्रीवेश घेतो. तो लेखकाची नायिका करत नाही, स्वतःचीच एक बाई घडवतो. तिला नाव देतो, स्वभाव देतो, वर्षानुवर्षे तीच घेऊन उभा राहतो. ती प्रेक्षकांना थेट हटकते, टोमणे मारते, पुढच्या रांगेतल्या बड्या माणसाची खेचते. वेश भडक असतो, पापण्या हातभर, कारण लपवायचे काहीच नसते. अमेरिकेत हे आधी समलिंगी लोकांच्या क्लबांतून वाढले, आणि २००९ पासून रूपॉल नावाच्या कलावंताच्या टीव्हीवरील स्पर्धेमुळे घरोघरी गेले. बायकाही पुरुषवेश घेऊन हेच करतात, त्याला ड्रॅग किंग म्हणतात. आपल्याकडे फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मधल्या कमलाबाई गोखल्यांनी पुढे रंगभूमीवर पुरुषांची कामेही केली होती, पण ती पुन्हा लिहिलेली कामे.

मग ह्या ड्रॅगच्या जवळचे आपल्याकडे काय? माझे उत्तर ऐकून नाट्यसंगीताचे भक्त रागावतील. जवळची आहे ती तमाशाच्या गौळणीतली मावशी. गण झाला की गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, त्यांच्याबरोबर मावशी असते आणि ती पुरुष असतो. अंगावर लुगडे जेमतेम गुंडाळलेले, पदर डोक्यावर, आवाज राठ. तिची संहिता कुठे लिहिलेली नसते. कृष्ण वाट अडवतो तेव्हा ती त्याच्याशी हुज्जत घालते, आणि घालता घालता गावच्या सरपंचावर, कांद्याच्या भावावर, समोर पेंगणाऱ्या पाहुण्यावर येते. ती बाई आहे असे कोणाला वाटत नाही, तिलाही वाटत नाही. पण लुगडे नेसल्यामुळे तिला जे बोलता येते ते धोतरातल्या माणसाला बोलता येणार नाही. वेशामुळे बोलण्याचा परवाना मिळणे हे ड्रॅगचे तिसरे लक्षण, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

याउलट टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत दाढीचा हिरवट रंग दिसणारा नट साडीत आला की लगेच हशा पिकतो. तिथे साडी नेसणे हाच विनोद असतो. पुढे काही नाही. अत्र्यांच्या ‘मोरूची मावशी’त विजय चव्हाण जे करीत ते त्यातले नव्हे. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तली लक्ष्मीकांत बेर्ड्यांची पार्वतीही नव्हे. तिला स्वतःचे वागणे आहे, लाजणे आहे, संताप आहे. आपण पार्वतीला हसतो, लुगड्याला नाही.

तमाशातच दुसरा स्त्रैण पुरुष असतो, नाच्या. पवळा ही तमाशात नाचलेली पहिली स्त्री मानतात. ती संगमनेर तालुक्यातली, हिवरगाव पावश्याची. तिच्या आधी फडात नाचायला मुलगेच असत, नाच्या पोऱ्या. बायका आल्यावरही नाच्या राहिला, त्याचे काम बदलले. तो आता बाई नव्हता आणि धड पुरुषही नव्हता. टाळ्या वाजवत, कंबर मोडत सोंगाड्याला साथ देणारा. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीत आणि २०१० साली आलेल्या चित्रपटात गुणा नावाचा पैलवान गडी फडासाठी नाच्या होतो आणि त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होते, ते अनेकांनी पाहिले असेल.

ती कादंबरी आहे. कोल्हापूरचे गणपत पाटील मात्र खरे होते. ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ ह्या नाटकात आणि कितीतरी तमाशापटांत त्यांनी नाच्या असा केला की तसा दुसऱ्याला जमला नाही. बायको-मुलांचा संसारी माणूस. पण लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या घरापर्यंत आणला आणि त्याचा त्रास मुलाबाळांनाही झाला. २००८ साली ते गेले. बालगंधर्वांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले, आणि ते योग्यच झाले. पण स्त्रीवेश तिकडेही होता आणि कंबर मोडणे इकडेही. एकाचे प्रेक्षक शालू नेसून पुढच्या खुर्च्यांवर बसत, दुसऱ्याचे जमिनीवर. एकाची मंडळी ब्राह्मण-सरदारांच्या आश्रयाने चालली, तमाशा महार, मांग, कोल्हाटी समाजांनी जगवला. कलेत फरक असेल, पण मानात पडलेला एवढा फरक नुसता कलेमुळे पडला असे मला वाटत नाही.

आता त्या आईच्या मनात जो खरा प्रश्न होता आणि जो तिने विचारला नाही, त्याकडे येतो. लावणी करणारा मुलगा ‘तसा’ असतो का? याचे उत्तर लावणीतून मिळत नाही. तृतीयपंथी व्यक्ती बाई म्हणून जगते तेव्हा ती सोंग घेत नसते. ते तिचे जगणे आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा तिचा हक्क मान्य केला आहे. ड्रॅग करणारा रंग उतरवून घरी जातो. त्यांत कोणी समलिंगी असतात, कोणी तृतीयपंथी असतात, कोणी बायको-मुले असलेले असतात. समलिंगी संबंध हा आपल्या देशात २०१८ पासून गुन्हाही राहिलेला नाही. त्या मुलाचे काय आहे ते त्याचे त्याला ठाऊक. मी विचारले नाही, पारावरच्यांनीही विचारायचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच, की त्याची पावले तालात पडतात का, अदा पोचते का, आणि आपल्याला तो आणि ती दोघे दिसतात का.

हे सगळे मी नंतर एकदा तिच्या घरी जाऊन सांगितले. मुलगाही होता. ती ऐकत होती, मध्येच म्हणाली, “गुरुजी, पण ह्याचा कासोटा सुटतो हो नाचताना. मी वरून बघत होते ना, जीव घाबरा झाला.” म्हणजे त्या रात्री ती गच्चीवरून पाहत होती, हे मुलाला तेव्हाच कळले. मी म्हटले, निऱ्या कमी घे आणि कासोटा खोचण्याआधी आतून नाडी बांध, आम्ही तसेच करायचो. तिने आतून आपले एक जुने इरकली लुगडे आणले आणि मला बांधून दाखवायला लावले. मुलगा संकोचून हसत उभा होता. मला आता वाकवत नाही, म्हणून शेवटचा खोचा तिनेच मारला.