पुस्तक बदलले, प्रश्नपत्रिका नाही

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतला दहावीचा विद्यार्थी आज फुको वाचतो. खोटे वाटेल, पण बालभारतीच्या 2018 च्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते. व्होल्टेअर, रांके, मार्क्स, फुको, पुढे बखरी, राजवाडे, कोसंबी, ताराबाई शिंदे. मग प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, वारशाचे जतन. आपल्याकडे पदवीच्या वर्गातही अनेकदा इतकी मजल जात नाही. पुस्तक करणाऱ्यांचे त्यासाठी मनापासून कौतुक केले पाहिजे.

पण मार्चमध्ये याच मुलासमोर इतिहास आणि राज्यशास्त्राची 40 गुणांची, दोन तासांची प्रश्नपत्रिका येते. योग्य पर्याय निवडा, चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टीप लिहा. सत्य कोण ठरवते, असा प्रश्न ज्या फुकोने जन्मभर विचारला, तो इथे जोड्यांमधली एक जोडी होऊन बसतो. गाईडवाल्यांना हे गणित पुस्तक छापून येण्याआधीच उमगले असावे. उताऱ्यावरचा प्रश्न असतो, पण उतारा बहुधा पुस्तकातलाच, म्हणजे तोही पाठ.

पाठ्यपुस्तकावरून भांडायला आपल्याला आवडते. कोणत्या राजाला किती ओळी, कोणाचे चित्र काढले, कोणाचे ठेवले! 2012 मध्ये अकरावीच्या एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या शंकर यांच्या जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पाठोपाठ पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. ते चित्र वर्गात कसे शिकवले जात होते, मुले त्यावर काय बोलत होती, हे बघायला त्या गोंधळात फारसे कोणी गेले नाही. प्रश्नपत्रिकेवरून मात्र मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. ती फुटली तर बातमी होते, एवढेच.

पुस्तकाबरोबर परीक्षाही बदलून पाहिल्याचे एक उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) आणि आसपासच्या मोजक्या सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी सामाजिक अध्ययनाचा वेगळा अभ्यासक्रम चालवला. पुस्तके शिक्षकांबरोबर बसून, वर्गात वापरून, दुरुस्त करून तयार झाली. त्यांत राजांच्या वंशावळींपेक्षा शेतकरी, कारागीर, बाजार, पंचायत यांना जास्त जागा होती. पण खरी हिंमत परीक्षेत होती. मुलांनी पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहायची. पुस्तक समोरच असल्यावर ‘कोण, कधी’ विचारण्यात अर्थ उरत नाही. ‘का’ आणि ‘कशावरून’ विचारावेच लागते. आणि परीक्षेत ‘कशावरून’ येणार हे कळले, की शिक्षकही वर्गात तेच विचारायला लागतो. शिक्षक आळशी असतो म्हणून पाठांतर करून घेतो, असे मानणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. त्यातली माणसे आणि त्यांचा अनुभव 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतरच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांपर्यंत पोचला. उघड्या पुस्तकाची परीक्षा मात्र मागेच राहिली.

‘कशावरून’ विचारायला आपल्याकडे इतिहासाच्या साधनांची वानवा आहे म्हणावे, तर तसेही नाही. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरे उघडली. तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणारे शोधले जाऊ लागले. जन्ममृत्यूच्या नोंदी, महसुली कागद, आणि शाळांची जुनी जनरल रजिस्टरे! हा कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, त्या काळी जात कोणाला विचारून लिहीत, लिहिणाऱ्याच्या कानावर काय पडले आणि त्याने काय टिपले, हे प्रश्न त्या महिन्यांत पारावर चर्चिले गेले. बाजू कोणतीही असो, अख्खे गाव साधनचिकित्सा करत होते. ज्या कपाटात ते रजिस्टर होते, त्याच्याच शेजारच्या वर्गात दहावीची मुले ‘बखर’ या विषयावर टीप पाठ करत बसली होती.

जातीची नोंद वर्गात काढणे नाजूक आहे, हे मान्य. शिक्षकाला त्यासाठी आधार हवा, मुख्याध्यापकाची पाठराखण हवी. पण त्याच रजिस्टरात पालकाचा व्यवसाय असतो, शाळा सोडल्याचे कारण असते, मुलींची नावे कोणत्या वर्षापासून वाढली हेही दिसते. गावाच्या वेशीवरच्या वीरगळावर तर कोणाचाच दावा नसतो.

मग हे शिकवायचे कोणी? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्रांचा एक शिक्षक असावा असे म्हटले आहे. लहान शाळांत तो एकच माणूस आणखी दोन विषय ओढतो, हे शाळेत जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. त्याच्यावर नवी प्रशिक्षणे लादून काही होणार नाही.

राज्य मंडळाने एवढेच करावे: 40 पैकी 10 गुण पुस्तकात नसलेल्या एखाद्या पत्रावर, नोंदीवर किंवा छायाचित्रावर ठेवावेत आणि त्यातून काय कळते, ते कशावरून ओळखले हे मुलाला लिहायला लावावे. पुस्तक आहे तेच चालेल.